डाव्या अंगाचे तीन कान

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या सावळीरामला कामावरून आल्या आल्या कोठीच्या खोलीचं कुलूप ओढून बघायची सवय होती. त्याची बायको आशा म्हणायची, "अहो, मी दिवसभर घरातच होते."

"म्हणूनच बघतो," तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण कुलूप ओढल्याशिवाय पाणी प्यायचा नाही.

हा स्वभाव त्यानं फूलबाजारातून उचलला होता. बापाबरोबर झेंडू घेऊन जायचा तेव्हापासून त्यानं काट्यावर हळूच टेकणारा अंगठा पाहिला होता. पुढे अंबडच्या एका कारखान्यात तो टर्नर झाला, लेथवर केसाएवढ्या फरकाचं काम करू लागला, आणि संशयाला मापाचीही जोड मिळाली. डोळ्याला सरळ दिसणारी वस्तू तो पट्टी लावल्याशिवाय सरळ मानत नसे. माणसांना पट्टी लावता येत नाही, याचंच त्याला वाईट वाटायचं.

सत्त्याण्णव साली त्याला गाडीची गरज पडली. पहाटे फुलं बाजारात टाकायची आणि सातच्या पाळीला अंबड गाठायचं, हे सायकलवर जमेना. नवी गाडी आवाक्याबाहेर होती. त्याच्या शेजारच्या मशीनवर दत्तू काम करायचा, तो दिंडोरीकडचा. तो म्हणाला, "आमच्याकडं एका मळ्यात राजदूत पडून हाय. रावजी म्हणून होता, द्राक्षबागांवर औषध फवारायचा. वारला. बायको विकतीय."

गोठ्यात कडब्याआड उभी असलेली ती मोटारसायकल सावळीरामनं तासभर न्याहाळली. कागदावरचे नंबर आणि गाडीवरचे नंबर बॅटरी मारून तीनदा जुळवले. जुळत होते. त्यानं भाव निम्म्यानं पाडून मागितला, तर रावजीची बायको फुलाबाई लगेच "न्या" म्हणाली. इथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"पण भाऊ," फुलाबाई म्हणाली, "हितं चालू करू नका. ढकलत रस्त्याला न्या, मग काय करायचं ते करा."

"का हो, ताई?"

"नका करू म्हटलं ना."

सहा वर्षं बंद असलेली गाडी तशीही चालू होणार नव्हती. टेम्पोत घालून घरी आणेपर्यंत सावळीराम त्या एका वाक्याचाच कीस पाडत होता. आवाज कुणाच्या कानावर जायला नको होता?

गाडी खोलायला त्यानं गंगापूर रोडच्या बाजूचा बारकू मिस्त्री धरला. बारकूकडे देण्याआधी त्यानं कार्बोरेटर, कॉइल, मॅग्नेट, सगळ्यावर खिळ्यानं आपल्या खुणा कोरल्या. बारकूनं त्या पाहिल्या आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्वस्तात काम करून घ्यायचं तर मिस्त्रीशी भांडून चालत नाही, तसं मिस्त्रीलाही गिऱ्हाइकाशी. दोघांनी मिळून भंगार बाजार पालथा घातला. एका गाडीच्या चाकाची रिम, दुसरीचे शॉकअब, तिसरीचं हँडल. सिलिंडर बोर करून घेतला. आतले पितळी बुश सावळीरामनं कारखान्यात साहेबांना विचारून, पाळी संपल्यावर लेथवर स्वतः काढले; ते असे बसले की बारकूनं पहिल्यांदा त्याच्याकडे मानानं पाहिलं. मागे दोन्ही बाजूंना फुलांच्या पाट्या बसतील असं रुंद कॅरिअर त्यानं पाइप वाकवून बनवलं. टाकी घासून, झाकणासकट, दोन हात काळा रंग त्यानं स्वतःच्या हातानं मारला.

पण चेसिसवरची माती खरवडताना जे निघालं, त्यानं त्याची झोप उडाली. डाव्या बाजूला, वर एक आणि खाली दोन, असे काहीतरी अडकवायचे तीन जाड लोखंडी कान वेल्डिंग केलेले होते आणि नंतर करवतीनं कापून टाकलेले. मागच्या चाकाची साखळीची चक्री मूळच्यापेक्षा मोठी, जास्त दातांची. मागचा टायर एकाच अंगानं झिजलेला. दोरी लावून पाहिलं तर चेसिससुद्धा किंचित डावीकडे वाकलेली.

"वजन वाहिलंय हिनं," बारकू म्हणाला. "एका बाजूनं. लय वर्षं."

"कसलं वजन?"

"ते मला काय म्हाईत? मोठी चक्री म्हंजे वेग नको होता, वढ पाहिजे होती."

सावळीरामनं दोनात दोन मिळवले. वजन एका बाजूला, कान पुरावा लपवायला कापून टाकलेले, आणि बाई म्हणते आवाज करू नका. दारूचे कॅन! दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यानं दत्तूला सांगून टाकलं, "तुझा तो रावजी फवारणीच्या नावाखाली हातभट्टीची दारू वाहत होता. गाडीच सांगते."

"काय सांगतो! देवमाणूस होता रं तो."

"देवमाणसाच्या गाडीला तीन कान कशाला लागतात?"

गाडी चालू झाली, पण सुख देईना. दहाबारा किलोमीटर गेली की गुदमरायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की मुकाट चालू. सावळीरामनं आधी बारकूवर संशय घेतला. खुणा तपासल्या, तर एकेक पार्ट त्याचाच निघाला. मग पेट्रोलवर घेतला, पंप बदलून पाहिले, बाटलीत पेट्रोल धरून उन्हात बघितलं. मग शेजाऱ्यावर, रात्री टाकीत काही टाकतो म्हणून. आशा म्हणाली, "आता माझ्यावर तेवढा राहिला." तो काही बोलला नाही, म्हणून ती दोन दिवस बोलली नाही.

दोनेक महिन्यांनी दत्तू गावाहून आला तो उत्साहात. "सावळ्या, तू म्हणला ते खरंच निघालं. सगळं गाव म्हणतंय, रावजी दारू वाहायचा."

सावळीरामची छाती फुगली. आपली पट्टी बरोबर पडली होती. पण सवयीनं त्यानं विचारलं, "आधी कोण म्हणालं?"

"आधी म्हंजे... मीच सांगितलं ना. तूच मला बोलला होतास."

छाती जागच्या जागी बसली. म्हणजे गावाकडून आलेला पुरावा त्याच्याच तोंडचा होता. काट्यावरचा अंगठा आपलाच असल्यासारखं त्याला झालं. तरी मन कबूल होईना. गाव म्हणतंय तर कुणाला तरी खरं ठाऊक असेल, असं म्हणत रविवारी त्यानं गाडी दिंडोरीकडे काढली.

ढकांब्याच्या अलीकडे ती ठरल्याप्रमाणे बंद पडली आणि थांबून पुन्हा चालू झाली. दिंडोरीत शिरताना परत गुदमरू लागली, म्हणून एका एसटीडी बूथपुढे त्यानं ती लावली. बूथमध्ये विशीतली एक मुलगी होती, काउंटरला कुबड्या टेकवलेल्या. ती गाडीकडे अशी बघत होती की सावळीरामनं आधी किल्ली काढून खिशात घातली.

बाहेर गिऱ्हाइकांना बसायला लोखंडी अँगलचा आणि फळ्यांचा एक बाक होता. सावळीराम त्यावर टेकला. बाक बाकासारखा नव्हता. त्याला तीन बाजूंनी कठडा होता, आणि एका कडेला पट्ट्या पुढे आलेल्या. वर एक, खाली दोन. पट्ट्यांना बोल्टाची भोकं.

तो उठला. वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत त्यानं वीत मारली. एक वीत चार बोटं. मग गाडीपाशी जाऊन कापलेल्या कानांवर वीत मारली. एक वीत चार बोटं. खालच्या दोन कानांतलं अंतर मोजलं. तेही दोन्हीकडे सारखंच. तो पुन्हा बाकाकडे गेला, पुन्हा गाडीकडे आला.

"जुळतंय का?" आतून मुलीनं विचारलं.

"हे काय आहे?"

"माझी शाळेची गाडी. मला लहानपणी पोलिओ झाला. मळा इथून पाच किलोमीटर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे बनवून घेतलं, खाली स्कूटरचं चाक लावलं, आणि दहा वर्षं मला शेजारी बसवून आणलं, नेलं. बारावी होईपर्यंत. मग हे सोडवलं आणि गाडीचे कान कापून टाकले." ती थांबली. "तुम्हीच ना ते? दारूचे कॅन म्हणणारे?"

सावळीरामनं कापलेल्या कानांवरचा हात काढून घेतला.

"मी ते याच बूथमध्ये ऐकलं. एक जण नाशिकला फोन लावून सांगत होता, आणि मी समोर बसून मीटर बघत होते."

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन फुलाबाई आली. तिनं त्याला ओळखलं. डबा काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "ह्या पोरीला गाडीचा आवाज सहन व्हायचा नाय. बाप आल्यावानी वाटायचं तिला. म्हणून चालू करू नका म्हटलं होतं तुम्हाला." मग ती आत जाऊन पाठमोरी बसली.

दहा मिनिटं व्हायच्या आतच, तिथून निघायचं म्हणून सावळीरामनं किक मारली. गाडी चालू झाली, हुंदका दिल्यासारखी दोनदा थडथडली आणि बंद पडली. त्यानं किकवर किक मारल्या. घाम गळू लागला. रस्त्यावरची चार माणसं बघत उभी राहिली. पळून जायचीही सोय नव्हती.

"टाकीचं झाकण उघडा," सविता आतून म्हणाली. तिचं नाव बूथच्या पाटीवर लिहिलेलं होतं. त्यानं झाकण फिरवलं.

"हवा ओढल्यासारखा आवाज आला?"

"आला."

"झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलंय. टाकीत हवा जाईना, तर पेट्रोल खाली कसं उतरेल? दहा वर्षं इंजिनाला कान लावून बसलेय मी. येताना लांबूनच कळलं मला." तिनं ओढणीची सेफ्टी पिन काढून काउंटरवर ठेवली.

भोकात काळा रंग घट्ट बसला होता. त्याच्याच हातचा, दोन हात. सावळीरामनं पिनेनं तो पोखरून काढला. बारकू, पेट्रोलपंप, शेजारी, सगळे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेले. गाडी पहिल्या किकला लागली आणि लागलेलीच राहिली. "बाई, माझं चुकलं," तो फुलाबाईच्या पाठीकडे बघून म्हणाला. पाठ हलली नाही. "हे तोंडावर बोललात," सविता म्हणाली, "पण ते तर गावभर झालंय."

सोमवारी चहाच्या सुट्टीत तो सगळ्यांसमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं "मी खोटं बोललो" हे शब्द उच्चारले, आणि ते त्याला लोखंडाच्या किसासारखे टोचले. दत्तू लालबुंद झाला. "म्हंजे गावात मी खोटा पडलो का? चल, तिथं येऊन बोल." बाजारच्या दिवशी सावळीराम दिंडोरीत गेला, बूथशेजारच्या हॉटेलात उभा राहून बोलला, लोकांना बाहेर आणून कान आणि पट्ट्या मोजून दाखवल्या. काहींनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, "बाईनं पोलिसाची भीती घातली असंल, म्हणून आलाय." सावळीरामला त्याचा राग आला, आणि मग लक्षात आलं की त्याच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो.

कुजबुज हळूहळू विरली, पूर्ण कधीच गेली नाही. दत्तू वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलला. गाडी मात्र अकरा वर्षं चालली. मोठी चक्री त्यानं बदलली नाही. फुलांच्या ओझ्याला ती बरीच होती. दर दसऱ्याला तो दिंडोरीत झेंडूची पाटी नेऊन बूथवर ठेवायचा. सविता त्यातला ओंजळभर काउंटरवर पसरायची, त्याच्या मुलींची चौकशी करायची, टाकीचं झाकण बघायची. मोबाइल आल्यावर बूथ बसला, तिनं तिथंच झेरॉक्सचं मशीन टाकलं. बाकही तसाच होता. गिऱ्हाइकं त्यावर बसून कागदांची वाट बघायची.

फुलाबाई त्याच्याशी कधीच बोलली नाही. तो आला की ती डबा ठेवून उठायची, आणि त्यानं आणलेल्या फुलांना हात न लावता निघून जायची. सावळीराम कधी तिच्या आड आला नाही. घरी येऊन तो कुलूप ओढून बघायचा, ती सवय सुटली नव्हती. फक्त आता कुणाविषयी काही मनात आलं, तर बोलण्याआधी तो एक दिवस थांबायचा. आशा म्हणायची, तेवढंही पुष्कळ झालं.