गाठ न मारलेली वेणी

नगरच्या दवाखान्यात माझे यजमान अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी माझ्या यादीतली सगळी कामं संपली. फाईल, औषधं, रक्ताची पिशवी, नातेवाइकांना फोन. आता भीतीशिवाय काहीच उरलं नव्हतं.

शेजारच्या बाकावर पारनेरकडची एक बाई बसायची. तिचेही मालक आतच होते. जुन्या लुगड्याच्या काठाला दातांनी चीर पाडायची, एका झटक्यात सरळ पट्टी फाडायची आणि पायपुसण्यासाठी त्या पट्ट्यांची वेणी घालत राहायची.

“नुसतं बसून याड लागंल, ताई. घरून एखादं जुनं पातळ आना,” ती म्हणाली. मी यादीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणलं. माझी वेणी वीतभर झाल्यावर मी गाठ मारायला गेले, तर तिने माझा हात धरला.

“मानूस आत हाय तवर गाठ न्हाई मारायची. पट्टी जोडीत जायचं.”

त्या दुपारी तिला आत बोलावलं.

“धरा. सोडू नका,” म्हणत तिने आपल्या वेणीचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरून बसले. ती परत आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिने टोक घेतलं, पिशवीतून नवी पट्टी काढली आणि जोडली.

तेवढ्यात दारातून माझ्या यजमानांचं नाव पुकारलं. मी वेणी हातात घेऊनच उठले. मी काही बोलण्याआधीच तिने माझ्या वेणीसाठी हात पुढे केला.

“द्या हिकडं. मी हाय.”