निखाऱ्याआधीची तालीम

आधी चहा पिऊन घ्या, निवेल. हा किस्सा सांगताना मी मधेच थांबते, आणि मी थांबले की तुम्हाला हसू येतं, हे मला ठाऊक आहे. नवऱ्याचे पाय भाजू नयेत म्हणून मी काय काय केलं, त्याची ही हकीकत.

आमच्या शशीला सव्वा वर्षाचा असताना डांग्या खोकला झाला. खोकून खोकून पोर निळं पडायचं. डॉक्टरांचं औषध चालू होतंच. सासूबाईंनी आपल्या बाजूने देवीला नवसही बोलून टाकला. पोर बरं झालं तर त्याचा बाप जत्रेत निखाऱ्यांवरून चालेल! शशी बरा झाला. औषधाने की नवसाने, हे विचारायची छाती माझ्यात आई झाल्यापासून उरलेली नाही. नवस फेडायचाच, यात दुमत नव्हतं. माझी काळजी वेगळीच. यांचे पाय!

हे रेडीच्या खाणीच्या कचेरीत कारकून. दिवसभर मोजे आणि कॅनव्हासचे बूट. घोट्याच्या वर लाल धूळ, आणि बूट काढले की खाली खोबऱ्याच्या वाटीसारखे पांढरे पाय. टाचांना मात्र भेगा. भेगेत निखारा अडकला तर? माझ्या डोळ्यांसमोर तो अडकायचाही आणि तिथेच धुमसायचाही.

मग मी रोज संध्याकाळी कोकमाचं तेल वितळवून यांच्या तळव्यांना चोळायला लागले. पंधरवड्यात भेगा गायब! मी मोठ्या अभिमानाने सासूबाईंना बोलावलं. त्यांनी अंगठ्याने तळवा दाबून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"गो सुमती, ह्यां काय केलंस? हे पाय काय पाळण्यात घालूचे आसत? शशीच्या गालासारखे मऊ केलंस! निखाऱ्यार चलणाऱ्याचे पाय निबर होये!"

आता मऊ केलेले पाय परत निबर कसे करायचे? जत्रा तोंडावर आलेली, आणि यांचं व्रत सुरू झालं. मासे बंद, चपला बंद, जेवण स्वतःच्या हाताने रांधलेलं, अंथरूण पडवीत. कुणी शिवायचं नाही. बायकोने तर मुळीच नाही. आणि गावात सगळ्यांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट: व्रत नीट पाळलं त्याला निखारा लागत नाही. ज्याचे पाय भाजले त्याने काहीतरी मोडलं. काय मोडलं, ते गाव ठरवतं!

अशात मला समुद्रावर जाळं ओढणारी माणसं दिसली. भर दुपारी, अनवाणी, तापल्या वाळूत! त्यांना जमतं म्हणजे सरावाने जमतं, होय की नाही? शिकल्यासवरल्याचा हा तोटा. चुकीच्या गोष्टीलासुद्धा कारण सापडतं.

रविवारी दुपारी मी यांना समुद्रावर नेलं. शिवायचं नाही, म्हणून मी शशीला कडेवर घेऊन लांब सुरूच्या झाडांच्या सावलीत उभी आणि तिथूनच ओरडतेय, "चला, त्या होडीपर्यंत!"

"गो, रेंव तापली आसा!"

"वाळू तापायलाच हवी! निखारे काय थंड असतात?"

"निखारे चार पावलांचे आसतत! ही रेंव शिरोड्यापर्यंत आसा!"

होडीपर्यंत हे कसेबसे गेले. येताना मात्र धावत आले आणि मटकन बसून पाय वर केले. उजव्या तळव्याला दोन फोड, डाव्या टाचेला एक. चांगले करवंदाएवढे!

आता भाजल्यावर काय करावं, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. गार पाणी ओतत राहायचं. फोड फोडायचा नाही. वर तूप, शाई, माती काही थापायचं नाही. स्वच्छ फडकं सैल बांधायचं. सगळं पाठ, पण हात लावायची सोय नाही! मी उंबऱ्यात, हे पडवीत तांब्या घेऊन.

"आणखी पाणी ओता!"

"घागर संपली!"

"नख लावू नका हं!"

"लावूक नाय गो, नुसतो बघतंय!"

तेवढ्यात सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. मी दारात दोन्ही हात पसरले. "आई, तूप नको!"

"मगे ह्यां काय भातार घालू?"

मी यांना हळूच म्हटलं, "अहो, नवस पुढच्या वर्षी फेडू या."

"आणि मधी शशीचो खोकलो परत इलो तर?"

मी शशीला उचलून घेतलं. कडेवर घट्ट धरलं.

जत्रेच्या दिवशी उजाडताना निखारे पसरले. मी पाण्याची कळशी आणि उकळून वाळवलेली फडकी घेऊन काठाशी. हे लंगडत आले. निखाऱ्यांवर पाय ठेवला आणि लंगडणं कुठल्या कुठे! धावले नाहीत, थांबले नाहीत; सरळ पार. मी श्वास सोडला.

फार लवकर सोडला. पलीकडे व्रतकऱ्यांचे म्होरके, पांढऱ्या मिशांचे आजोबा, प्रत्येकाचे तळवे बघत होते. त्यांनी यांचा पाय उचलला.

"फोड!" कुणीतरी म्हणालं.

"व्रत मोडल्यान!"

"मासे खाल्ल्यान काय रे?"

"मासे कसले!" एक बाई म्हणाली आणि तिने वळून मला नखशिखान्त न्याहाळलं. मग सगळ्याच बायकांनी. सासूबाईंची मान खाली गेली. हे पायाची राख झटकायला लागले. बायकोने वाळूत पळवलं, हे चारचौघांत कोण सांगेल?

माझ्या कानशिलांत निखारे पेटले. मी ओरडले, "ते फोड आजचे नाहीत! रविवारचे आहेत! मीच यांना भर दुपारी समुद्रावरच्या वाळूत चालवलं! सरावासाठी!"

ढोल थांबला. आजोबांनी पुन्हा वाकून पाहिलं. फोड सुकत आलेले, वरची कातडी सुरकुतलेली. नवा डाग एकही नाही. ते सावकाश उभे राहिले आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे देवीन राखल्यान, आणि बायलेन भाजल्यान!"

हसणाऱ्यांत पहिले कोण होते? आमचे हेच!

फोड आठवड्याभरात बरे झाले. त्यातला एकही चिघळला नाही. गार पाण्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, ते सोडा.

धाकट्या भावोजींना अजून नोकरी नाही. परवा सासूबाई देवीसमोर हात जोडून बसल्या होत्या.

"आई, माझ्या धाकल्याक नोकरी लागांदे. तो निखाऱ्यार चलतलो. मासे सोडतलो, चपला सोडतलो..." मधेच थांबून त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "आणि थोरल्या सुनेक मी आदीच म्हायेराक धाडतलंय!"