चूलबंद

"जेवलात का आबा?" असं कुणी विचारलं की ते पोटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आत्ताच झालं. जरा जास्तच झालं." सकाळी विचारा नाहीतर उन्हं कलताना, उत्तर तेच. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल.

तिसगावात आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मी नंदुरबारकडची, शाळा सातवीत सुटलेली. नवरा टेम्पोवर, मी एका दवाखान्यात झाडलोट करायची, पेशंट आत सोडायची. परक्या मुलखात खोली खाली करा म्हणतील याची मला कायम धास्ती. नळ आबांच्या अंगणात होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, पानी भरताना इचारत बसू नको." मी तरी रोज विचारायची. ते म्हणायचे, "आता काय ल्हिऊन देऊ का तुला?"

त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. भावकी समोरच्याच आळीत, पण बोलणं बंद. पुतण्याच्या मुलाला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी वाटेत आबांना विचारलं, पोरगा कसा आहे? आबा म्हणाले, "चांगला हाय, पन पितो." सोयरीक मोडली. तेव्हापासून सगळ्या भावकीनं त्यांना टाकलं. "खोटं बोल्लो का मी?" असं ते मध्येच मला विचारायचे. मी भांडी घासत राहायची.

पुढं त्या मुलाचं दुसरीकडं जमलं. पुतण्याचा नवा जावई घरोघर आवतन देत फिरला. त्याला जुनं काही माहीत नसावं. आबांच्या दारात उभा राहून म्हणाला, "उद्या चूलबंद आवतन हाय बरं का." म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, घरी चूल पेटवायची नाही.

लग्नादिवशी आबा दाढी करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले. तिसगावात पंगत मांडली की माणूस पुन्हा बोलवायला येतो, त्याशिवाय कुणी उठत नाही. बोलवायला खुद्द पुतण्या आला. शेजारच्या दारात "चला जेवाया" म्हणाला. आमच्या दारावरून जाताना मोबाईल बघत गेला. पलीकडच्या दारात परत "चला जेवाया." आबा अर्धे उठले होते. टोपी सारखी केली आणि बसले.

मी भाकरी अन् कालवण घेऊन गेले.

"नको. आज आपली चूल बंद हाय."

"माझी पेटलीय की आबा."

"आवतन घेतलंय ना. दुसरीकडं जेवलो तर त्येंचा अपमान व्हतो."

मांडवातली भांडी घासायला निघाली तरी ते बसूनच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. "पाटा ठेवल्यावानी" म्हणाले. आमच्या दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, ईसीजी, काढली, ती चांगली आली. प्रेशर मात्र वाढलेलं. झोपही गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, काही मनाला लागलंय का? "न्हाई, गॅस हाय."

नंतर डॉक्टर मला म्हणाले, "मार लागला की मेंदूत जिथं कळतं, माणसांनी टाकलं की जवळपास तिथंच कळतं. नाटक नाही ते, खरंच दुखतं. गोळ्या देतो, पण कुणाबरोबर तरी जेवत जा म्हणावं." मला शेवटचं तेवढं कळलं.

पण न बोलावता ते यायचे नाहीत. मग मी रोज संध्याकाळी रीतसर दारात जाऊन आवतन द्यायची आणि तवा ठेवला की पुन्हा बोलवायला जायची. ते टोपी घालून तयार असायचे. अर्धी भाकरी खायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडं मिरची लई." प्रेशर उतरलं, झोप थोडी आली. समोरच्या आळीत हलगी वाजली की हात छातीवर जायचाच. त्याला आमच्याकडं काही नव्हतं.

पुढच्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले.

भावकी सगळी आली. खांदा दिला, सगळं रीतीनं केलं. आमच्या खोलीचं आता काय, हे माझ्या डोक्यात होतंच. माती देऊन परत आल्यावर पुतण्याच्या घरून कडू घास आला. मयताच्या घरी त्या दिवशी भावकीनं जेवण आणायचं असतं. फडक्यानं झाकलेली टोपली, पिठलं-भाकरी, दहा माणसांचं. टोपली मधल्या घरात ठेवली आणि सगळे उभेच राहिले, कारण त्या घरात खायला कुणीच नव्हतं.

पुतण्या माझ्याकडं वळला. "वैनी, तुमी बसा."

मी बसले. भाकरी अजून गरम होती. तो खाली बसून वाढत होता. मी पुरे म्हटलं तरी पिठलं वाढत होता.