खिळ्यावरचा शर्ट

वाशीमच्या बसस्टँडसमोर एक दुकानवाला नोकरीचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. फोटोसाठी त्यानं दुकानात खिळ्याला एक पांढरा शर्ट टांगून ठेवलाय. पदवी घेऊन आलेली आम्ही सगळी पोरं तोच घालून बसतो. कॉलर आमच्याच घामानं पिवळी पडली आहे. "हसू नको बाबू. हसनाऱ्याले कोनी नोकरी देत नाही," हा त्याचा ठरलेला सल्ला.

परवा गेलो, तर शर्ट त्याच्याच अंगात होता. पोटावरची गुंडी लागत नव्हती. मोबाइल माझ्या हातात देत तो म्हणाला, "काढ माहा फोटो. या महिन्यात फॉर्म भराचं वय सरते माहं."

'हसू नका' असं मी सांगणार होतो. सांगायची गरज पडली नाही.