रनिंग-इनला ‘सावकाश’ म्हणत नाहीत

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होती. ईएमईची, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेची, छोटी वर्कशॉप, पत्र्याच्या शेड आणि समोर खिंडीकडे चढणारा कच्चा रस्ता. मी नायब सुभेदार होतो. गाव बेटेगाव. आता बोईसरला गॅरेज चालवतो. गुडघे गेलेत, माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण इंजिनाचा आवाज अजून बरोब्बर कळतो.

तिथल्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता नाईक मोरेश्वर. दातिवऱ्याचा, मच्छीमाराच्या घरातला. अख्ख्या छावणीत माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटा. मला उस्ताद म्हणायचा आणि दिवसभर माझं डोकं खायचा. लंगरातल्या डाळीत मीठ जास्त झालं की म्हणायचा, "उस्ताद, घरची आठवन आली."

त्याच्या गाडीचं इंजिन आम्ही उघडून पुन्हा बांधलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. त्यानंतर रनिंग-इन आलं. सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी पुन्हा सांगतो. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून आपली जागा करतात. त्यासाठी थोडा जोर द्यायचा, मग पाय उचलायचा. पुन्हा जोर, पुन्हा पाय वर. एकाच वेगाने रांगत नेली, किंवा जागेवर घुरघुरत ठेवली, तर भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत आणि गाडी जन्मभर ऑइल पिते. उलट पहिल्याच दिवशी लोड टाकून पिळली, तर पिस्टन अडकतो.

मोरेश्वरला हे शिकवावं लागलं नाही. "आमच्या बोटीला नवी मशीन बसवली का बा पयल्या फेऱ्यांना जालं टाकत नसे," तो म्हणाला. "खाडीत न्यायचा, दम द्यायचा, सोडायचा. आई वरडायची, घरात कालवनाला मासली नाय आनि हा मशीन फिरवतोय!"

मागे ‘रनिंग-इन’ची पाटी लावून तो रोज रिकामी गाडी फिरवू लागला. थंडीमुळे बाकीचे ड्रायव्हर गाड्या तासन्तास चालू ठेवत. हा आपली बंद करायचा आणि सकाळी गरम पाणी घालून सुरू करायचा. पोरं चिडवायची, नवरीला जप म्हणायची. तो हसायचा.

रनिंग-इन अर्धंच झालं होतं, तेव्हा दुपारी पुढच्या पोस्टवरून रेडिओवर मेसेज आला. एक शिपाई कड्यावरून पडला होता. छातीला मार. जवानांनी त्याला स्ट्रेचरवरून आमच्यापर्यंत आणला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. हॉस्पिटल खिंडीच्या पलीकडे. दुसरी अँब्युलन्स आधीच तिकडे गेलेली. आमचे कमांडिंग अधिकारी, ओसी साहेब, शेडमध्ये आले.

"गाडी फिट है?"

"फिट है सर. रनिंग-इन बाकी है."

"चढेगी?"

मी खिंडीकडे पाहिलं. भरलेली गाडी, उभा चढ, कच्च्या रिंगा. मध्येच पिस्टन अडकला असता, तर तो पोरगा रस्त्यातच गेला असता.

"चढेगी सर," मोरेश्वर बोलला. मग माझ्याकडे वळला. "जालं टाकायची येल आली उस्ताद. टाकायचं."

पेशंट आणि नर्सिंग असिस्टंट मागे बसले. गाडी निघाली. वळणावळणावरून आवाज येत होता. जोर, सोड. जोर, सोड. एवढी घाई, पण पठ्ठ्याने एकदाही पिळली नाही. मग आवाज ढगात गेला, आणि मी रेडिओ सेटजवळ जाऊन बसलो. चहा आला तो तसाच निवला.

सेटवर हिंदीत बोलायचा नियम. तो मराठीतच बोलला.

"उस्ताद, पेशंट पोचला. जिता हाय. मशीन एक नंबर. रिकामी घेऊन येतो. ओव्हर."

"शाब्बास! आता सावकाश ये. ओव्हर."

"सावकाश येतो. आउट."

उतारावर दरड आली. गाडी खाली नाल्यात सापडली. मोरेश्वर स्टिअरिंगवरच होता.

दरडीला कुणाचा वेग कळतो, असं सगळे म्हणाले. मलाही ते पटतं, पण ‘सावकाश ये’ असं मीच म्हणालो होतो. गाडी वर काढल्यावर इंजिन मीच उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवरच्या बारीक तिरप्या रेषा शाबूत होत्या आणि रिंगा चोख बसल्या होत्या. असं रनिंग-इन मी पुन्हा पाहिलं नाही. त्या शेडमध्ये बसून मी ढसाढसा रडलो.

आता गॅरेजवर प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "म्हणजे सावकाश चालवायची ना काका?" मी खेकसतो, "सावकाश नाही!" म्हातारा तिरसट आहे म्हणतात. असेन.

मागच्या महिन्यात मोरेश्वरची बायको सुनंदा तिची व्हॅन घेऊन आली. दातिवऱ्याहून पालघरच्या बाजारात सुकी मासळी नेते. तिचंही इंजिन मी बांधलं. पाटी लावली. न्यायला आली तेव्हा सगळं समजावलं, आणि पहिल्या फेऱ्यांना माल भरायचा नाही म्हणून सांगितलं.

"बाजार बुडल दादा."

"बुडू दे."

ती स्टिअरिंगवर बसली. "म्हंजे सावकाश नेऊ?"

तिच्यावर खेकसणं जमेना. इतकी वर्षं तिला न सांगितलेलं ते रेडिओवरचं बोलणं मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. रस्त्यावर एमआयडीसीची शिफ्टची बस हॉर्न मारत होती.

"मी पन त्यांना तेच बोलायची," ती म्हणाली. "दर टायमाला सुट्टी संपली का, दारातून. सावकाश जा." तिने डोळे पुसले आणि चावी फिरवली. "घरून निघनाऱ्याला दुसरं काय बोलतात, दादा? बोला आता मला."

मी व्हॅनच्या दारावर हात ठेवला.

"सावकाश जा, सुनंदा."

ती गेली. मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. रिकामी गाडी. जोर, सोड. जोर, सोड. मोरेश्वर अशीच चालवायचा.