केसाच्या मापाची नळी

रायपूरच्या सदर बाजारातून जाताना मी अजून एका दुकानापाशी घुटमळते. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पूर्वी त्याच ओट्यावर माझे बाबा सोन्याच्या मण्यांना भोकं पाडत बसायचे. सोनार तिथे पुष्कळ होते, पण बाजरीएवढ्या मण्याला सरळ आरपार भोक हवं असलं की लोक बाबांनाच शोधत यायचे.

मी मात्र भौतिकशास्त्र शिकायला बाहेर पडले आणि लेसरच्या नादी लागले. प्रयोग असा, की धातूच्या बारीक नळीत वायू सोडायचा आणि नळीच्या समोरासमोरच्या दोन भोकांतून लेसरचा जबर झोत मारायचा. वायूचा प्लाझ्मा होऊ लागतो आणि पलीकडून डोळ्यांना न दिसणारा, मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने कंप पावणारा प्रकाश निघतो. भोकं मोठी झाली तर वायू निसटतो आणि सगळं मुसळ केरात! मोठा लेसर मला एकच आठवडा मिळणार होता, प्रबंध त्यावर अडला होता आणि छोट्या लेसरवरच्या चाचण्यांतच माझ्या सगळ्या नळ्या वाया गेल्या होत्या. दिवाळीला घरी आले ती उरलेली एक कोरी नळी आणि रडवेलं तोंड घेऊनच.

"आन इकडे," बाबा म्हणाले. "मले दाखव."

मी माप लिहून दिलं. दोन दिवस ते मान खाली घालून बसले. मग आईला म्हणाले, "एक केस दे वं." आईचा केस दोन्ही भोकांतून सरळ ओवला गेला, पण जेमतेम. केसाची जाडी मला पाठ होती. मी दिलेल्या मापाच्या ती निम्मीही नव्हती.

"बाबा, नाप दिया था ना मैंने?" रागावले की मी हिंदीत शिरते. "ये काम अंदाज से नहीं चलता!"

"भोक लहानच ठेवावं लागते, पोरी. वापरून वापरून मोठं होतेच."

"ये मंगलसूत्र नहीं है!" मी ओरडले.

त्यांनी हत्यारं पुसून ठेवली. दुसरी नळी नव्हती, म्हणून मी तीच नेली.

पहिल्याच झोतांनी भोकांच्या कडा खाल्ल्या. लेसरने आपल्याला हवी तेवढी जागा करून घेतली, त्यापुढे भोक वाढलं नाही. वायू आत टिकला आणि संगणकाच्या पडद्यावर त्या न दिसणाऱ्या प्रकाशाच्या उजळ पट्ट्या ओळीने उमटल्या. मी त्या मोजायच्या सोडून रडत बसले. आधीच्या नळ्या मी अगदी मापात करून घेतल्या होत्या, म्हणून झोत जरा बाजूला लागून कडा झिजताच त्या मापाबाहेर गेल्या. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

मी लगेच फोन केला. "झालं, बाबा!"

"कोनाचं माप बरोबर निघालं? तुयं का मायं?"

शिकलेपणाचा ताठा मोठा वाईट. "मोजलं तर माझ्याच मापाचं भरलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं. फक्त मोजलं होतं प्रयोगानंतर.

बाबा मोकळं हसले. "बरं झालं. जेवन जाऊन नव्हतं राहिलं मले. वाटलं, पोरीचं काम बिघडवलं आपन."

आता मी रायपुरातच शिकवते. वर्गात या प्रयोगाचा विषय निघाला की ती नळी दाखवते आणि सांगते, भोक लहान ठेवा, हे माझ्या बाबांचं माप आहे. दरवर्षी नव्या पोरांना सांगते. बाबांना तेवढं सांगायचं राहिलं.