आबांचं परराष्ट्र खातं

माझ्या वहिनीच्या वडिलांना दिल्लीवाल्यांनी एकदा चहाला बोलावलं असतं, तर देशाचे निम्मे प्रश्न पहिल्या कपात सुटले असते आणि उरलेले दुसऱ्यात. आबा साताऱ्याकडचे निवृत्त हवालदार. बायको गेल्यावर लेकीकडे, म्हणजे आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. लेकीच्या घरी नुसतं बसून खाणं त्यांना फार अवघड वाटे. म्हणून ते एपीएमसीतून गोणीभर भाजी आणत, पुसलेल्या खिडक्या पुन्हा पुसत आणि संध्याकाळी बातम्या लागल्या की सरकारला सल्ले देत.

मुंबईत स्फोट घडवून पळालेले समुद्रापार आरामात राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. सरकार कडक शब्दांत निषेध करी, माझा दादा सरळ सैन्य घुसवायला निघे आणि आबा मिशीत हसत. "जावईबापू, दुसऱ्याच्या घरात घुसून माणूस वढायचा नसतो. त्या घराला पावना जड झाला पायजे. लोकांनी धंदा तोडला, सोयरिकी आडल्या, चारचौघांत मान खाली गेली, की घरधनीणच भाजीत मीठ घालायचं इसरती. पावन्याला कळतंय. आपसूक पिशवी उचलतो." सासुरवाडीत लपलेला एक बैलचोर त्यांनी याच धोरणाने बाहेर काढला होता. सासऱ्याच्या म्हशीचं दूध गावात कुणी घेईना, तेव्हा सासऱ्यानेच जावयाला एसटीत बसवून चौकीवर आणून सोडलं. ही हकिगत आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती म्हैससुद्धा घरचीच वाटायची.

एका रविवारी वहिनीने वाटाण्याची उसळ केली. आबा आमच्या आधी जेवायला बसले. नेहमी दोनदा वाढून घेणारा माणूस एका भाकरीत उठला. आम्ही पानांवर बसतोय तोवर ते टोपी घालून, हातात पिशवी घेऊन दाराशी उभे. "येतो. गावाकडं जाऊन लई दिस झालं."

दादा कारण विचारत राहिला. वहिनीने पहिला घास घेतला आणि खरकट्या हाताने तशीच उठली. त्यांच्या हातातली पिशवी तिने काढून घेतली.

"आबा, मीठ खरंच विसरले हो मी."

आबांनी तिच्याकडे जबानी घेतल्यासारखं पाहिलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मंग हरकत न्हाई," म्हणत त्यांनी टोपी काढली आणि मीठ घातलेली उसळ दोनदा वाढून घेतली. मला त्या दिवशी त्यांची फार माया वाटली.

पुढे काही वर्षांनी आबा वारले. समुद्रापारचे पाहुणे मात्र तेव्हाही तिथेच होते. त्यांच्या भाजीत मीठ वेळेवर पडत असावं. वहिनी अजूनही पानं वाढण्याआधी चमचाभर भाजी चाखते आणि एकदा दाराकडे बघते.